वल्ह्यांवर बसलेली मुलगी

४ मार्च

प्रिय मावशी,

नमस्कार. गुडघा कसा आहे? हे आधीच विचारतो, कारण मागच्या पत्रात शेवटी विचारले तर तू रागावलीस.

आता बातमी. आमच्या प्रकाशनाच्या बालचरित्रमालेतले पुढचे पुस्तक डॉक्टरीणबाईंवर आहे. त्याच, ज्यांनी साठ वर्षांपूर्वी कॉलऱ्याच्या साथीत आपल्या नदीकाठी काम केले. मी धीर करून संपादकांच्या टेबलापाशी गेलो आणि म्हणालो, "माझे आजोबा, आईचे वडील, तिथे नावाडी होते. बाकीचे नावाडी पळून गेले, तेव्हा त्यांनी अकरा दिवस बाईंना रोज नदीपार नेले. निघताना बाईंनी आपला मग त्यांना भेट दिला. तो मग अजून माझ्या मावशीकडे आहे." दोन वर्षांत मी इथे एका दमात एवढे बोललो नव्हतो.

संपादक खुर्चीतून उठलेच. म्हणाले, "अरे, हे तर आपले पाचवे प्रकरण!"

आमच्याकडे प्रत्येक चरित्राचे पाचवे प्रकरण एखाद्या साध्या माणसाच्या शौर्याचे असते. असा माणूस सापडला नाही तर तो कुठून तरी पैदा करावा लागतो.

तुला खरे सांगू? मला या कामाची हल्ली शिसारी येते. मी इथे प्रुफे तपासतो, म्हणजे प्रत्येक पुस्तक पाच वेळा वाचतो. संपादकांनी भिंतीवर एक यादी चिकटवली आहे. तिचे शीर्षक, "मुलांच्या पुस्तकात घाण नको." उलटी, जुलाब, उवा, भीती, मत्सर हे शब्द आले की मी खूण करायची. कॉलऱ्याच्या पुस्तकात उलटी नाही! मी विचारले, मग लोक मेले कशाने? तर म्हणाले, "पोटाचा त्रास लिही." आता आमच्या पुस्तकात तीनशे माणसे पोटाच्या त्रासाने मेली आहेत. सगळे लग्नात जास्त जेवले असावेत असे वाटते.

आणखी एक. मी मोजले आहे. आतापर्यंत सात चरित्रे निघाली. त्या सातही थोरांनी लहानपणी पक्ष्याचे पिल्लू उचलून घरट्यात ठेवले. ज्या सेनापतीने पुढे अख्खे शहर जाळले, त्यानेसुद्धा. मी हे दाखवले तर संपादक म्हणतात, "पिल्लू मुलांना आवडते."

म्हणून मला आजोबांचा फार आधार वाटतो. निदान ते प्रकरण तरी खरे असेल. पाच हजार प्रती शाळांच्या वाचनालयांत जाणार आहेत. चित्रकाराला मग बघून काढायचा आहे. टपालाने पाठवशील का? कापसात गुंडाळ.

तुझा,
ठिपक्या

•

११ मार्च

ठिपक्या,

गुडघा आहे तिथेच आहे, तो कुठे जाणार. मीही त्याच्यामुळे कुठे जात नाही.

तुझं पत्र वाचलं. अरे, आजोबांना कशाला पुस्तकात घालायचं? साधा माणूस होता. बाईंचं पुस्तक आहे, बाईंचंच राहू दे. तू लहानपणापासून असाच. एक शब्द ऐकलास की वहीत लिहून ठेवायचास. म्हणून तर मी तुला ठिपक्या म्हणते, सुटलेला एक ठिपका तुला झोपू देत नाही.

पण माझं ऐकतं कोण! तू तुझ्या आईला कळवलंस, तिनं वाचनालयाच्या बाईंना सांगितलं, आणि आता दारावर फलक लागलाय, "आपल्या मावशींच्या वडिलांची गोष्ट लवकरच पुस्तकात." शनिवारी तिथल्या माझ्या गोष्टीच्या तासाला नेहमीच्या वीस मुलांच्या जागी पस्तीस आली. सगळ्यांनी रांग लावून मगाला एकेक बोट लावलं. तूही लावायचास ना? तुझं बोट स्वच्छ असायचं, बाकीच्यांची काय सांगू.

मग पाठवतेय. चित्र झालं की लगेच परत. आणि त्यातून कुणाला पाणी पिऊ देऊ नकोस.

मावशी

•

२ एप्रिल

प्रिय मावशी,

मग पोचला, पण त्याचे हाल सांगवत नाहीत. चित्रकार जेवायला गेला असताना संपादकांनी त्यात पेरूच्या बिया थुंकल्या. संध्याकाळी चित्रकाराने त्यातच ब्रश धुतले. मी काही बोललो तर म्हणतो, "पत्र्याचा मग आहे रे, राजमुकुट नाही." मी तो तीन वेळा घासून आता माझ्या टेबलावर, प्रुफांच्या मागे लपवून ठेवला आहे.

पण त्याहून घाण गोष्ट पुढे आहे.

बाईंच्या भाचीने त्यांची त्या वेळची रोजनिशी पाठवली. तपासायला ती माझ्याकडे आली आहे. अक्षर म्हणजे मुंग्यांची रांग, दिवसाला जेमतेम दोन पाने लागतात. आजोबा कधी येतात म्हणून मी वाचत होतो. त्याऐवजी हे आले. जसेच्या तसे उतरवतो:

"सातवा दिवस. आजही होडी काठावर उलटी घातलेली. नावाड्याच्या घरी गेले. आठेक वर्षांची मुलगी पांघरुणावर बसली होती. पांघरुणाखालून वल्ह्यांची टोके बाहेर आलेली. विचारले, वडील घरी आहेत का? म्हणाली, नाहीत. खाटेखाली दोन पाय दिसत होते, टाचा भेगाळलेल्या. मी त्या पायांशीच बोलले. म्हटले, पलीकडे माणसे मरत आहेत. पाय आत गेले."

मावशी, मी हे वाचून मोरीत जाऊन तोंड धुऊन आलो. स्वतः खाटेखाली लपायचे आणि पोरीला वल्ह्यांवर बसवून खोटे बोलायला लावायचे! केवढा किळसवाणा माणूस! आणि ती मुलगीसुद्धा, एवढ्याशा वयात केवढी निगरगट्ट.

संपादकांना दाखवले. त्यांनी दोन ओळी वाचल्या आणि पान असे परत केले, जणू मी त्यांच्या हातात मेलेला उंदीर दिला होता. "भिंतीवरची यादी वाच," म्हणाले. "भीती. चौथा शब्द."

तुला दोन गोष्टी विचारायच्या आहेत. हा नावाडी कोण असेल? आजोबांच्या शेजारी कोण राहत होते? आणि बाईंनी आजोबांचा उल्लेख अजून कसा केला नाही? मी पाने मोजली, दोन फाटलेली आहेत. आजोबा त्यांत असतील असे धरून चाललो आहे. तू तर रोज होडीत बसून पाणी उपसायचीस, तुला आठवत असेल.

ठिपक्या

•

९ एप्रिल

ठिपक्या,

पत्र मिळालं. संपादकांचं बरोबर आहे. मुलांसमोर कशाला ती घाण. डायरी ज्यांची त्यांना परत करून टाक. साठ वर्षांपूर्वी कुणाच्या शेजारी कोण राहत होतं, मला आठवत नाही.

मग परत पाठव. शनिवारी मुलं विचारतात.

मावशी

•

१५ एप्रिल

मावशी,

तुझे पत्र मी चार वेळा वाचले. चार ओळींत माझ्या एकाही प्रश्नाचे उत्तर नाही. आधी मला तुझाच राग आला. मला नववीत शाळेतून काढले तेव्हा तू म्हणाली होतीस, "शाळा सुटली तर सुटू दे, खरं काय ते शोधायची खोड सोडू नकोस." तीच तू म्हणतेस डायरी परत कर. संपादक आणि तू एकाच माळेचे मणी?

मग मी पुढची दोन पाने लावली. सातव्या दिवसाचीच नोंद पुढे चालू आहे:

"निघताना पाणी मागितले. मुलीने मगातून दिले. पांढरा मग, निळी कड, कानापाशी अर्ध्या चंद्रासारखा टवका उडालेला. चार दिवसांत कुणी मला घरातले भांडे दिले नव्हते. पाणी प्यायले आणि पुलाकडे चालू लागले. पूल बारा किलोमीटर. पलीकडे पोचेन तेव्हा उद्या उजाडलेला असेल."

मग माझ्यासमोर आहे. पांढरा. निळी कड. कानापाशी टवका. मी त्यावर पट्टी धरली. का धरली माहीत नाही, बाईंनी काही माप दिलेले नाही. काहीतरी जुळू नये म्हणून धरली असेल.

बाईंनी कुणाला मग दिलेला नाही. बाईंना त्यातून पाणी दिले होते.

मी संपादकांना सांगितले की पाचवे प्रकरण खोटे आहे, ते खाटेखालचे पाय माझ्याच आजोबांचे आहेत, आणि ही थाप मीच तुम्हाला आणून दिली. ते हसले. म्हणाले, "मग तर सोपे आहे. घरचाच माणूस आहे, तक्रार कोण करणार?" आणि चित्र दाखवले. होडीत उभे आजोबा, छाती पुढे, डोळे क्षितिजावर. चित्रकाराने त्यांना माझे नाक दिले आहे.

मला ते चित्र बघवत नाही. मी हे नाक घेऊन दोन वर्षे या खोलीत मिरवले, की माझे आजोबा असे आणि माझे आजोबा तसे.

पुस्तक २५ तारखेला छपाईला जाणार. शेवटच्या प्रुफावर माझी सही लागते, त्याशिवाय छापखाना घेत नाही. सही केली तर पाच हजार प्रतींत आजोबा शूर होतील. नाही केली तर माझे काय होईल ते मला माहीत आहे.

एकच विचारतो. ती मुलगी तू होतीस का? हो किंवा नाही, एवढेच लिही.

•

१९ एप्रिल

ठिपक्या,

हो.

एवढंच लिही म्हणालास, पण नुसत्या 'हो'वर माझी सुटका नाही.

आमच्या काठाला होडी एकच होती. बाकीचे नावाडी पळून गेले हे मी घुसडलं. पळायला बाकीचे होतेच कुठे! आणि अकरा दिवस हा आकडा खरा आहे. अकरा दिवस होडी हलली नाही.

बाबा घाबरले होते. पहिल्या दिवशी त्यांनी एकाला आणलं, तो होडीतच गेला. घाण सगळी होडीत. बाबांनी होडी धुतली, पुन्हा धुतली, मग स्वतःला राखेनं घासलं, आणि होडी उलटी घातली. मला म्हणाले, "वल्ह्यांवर बस आणि कुणी आलं तर सांग मी नाही." मी बसले. अकरा दिवस बसले. पलीकडून हाका यायच्या. आधी पुष्कळ, मग कमी. बाबा खाटेखालून विचारायचे, "थांबल्या का गं?"

बाई आल्या तेव्हा मी बोलले ते तू वाचलंसच. त्यांनी माझ्याकडे रागानं पाहिलं नाही. पाणी मागितलं. आमच्या आईनं डोळ्यांनी नको म्हणून खुणावलं, तरी मी दिलं. त्या दिवसांत मी केलेली चांगली गोष्ट ही एवढीच. बाई गेल्यावर आईनं तो मग चिमट्यानं उचलला आणि उकिरड्यावर फेकला. साथ संपल्यावर मी तो गुपचूप काढून आणला. घरात कुणी त्याला हात लावला नाही. मीही कधी त्यातून प्यायले नाही.

थाप कशी सुरू झाली? मी नवी शिक्षिका होते. वर्गात बाईंचा धडा होता, मी मग घेऊन गेले. खरं सांगायचं असंच ठरवून गेले होते. एका पोरीनं विचारलं, "बाई, हा त्यांनी तुमच्या बाबांना दिला?" मी हो म्हणाले. वर्गानं टाळ्या वाजवल्या. टाळ्या फार वाईट रे. पुढच्या वर्षी पुन्हा तेच सांगितलं, त्याच्या पुढच्या वर्षी अकरा दिवस घातले, मग मी स्वतः होडीत बसून पाणी उपसायला लागले. तुझ्या संपादकांच्या पिल्लाला नावं ठेवू नकोस, मी एक अख्खं पिल्लू चाळीस वर्षं पाळलंय.

बाबा घरी फार मायाळू होते. मला खांद्यावर बसवून फिरवायचे. ते खांदे आठवले की बरं वाटतं, आणि लगेच ते पाय आठवतात. दोन्ही एकाच माणसाचे, काय करू? तू निगरगट्ट म्हणालास, ते बरोबर आहे. अजून आहे. नाहीतर ९ तारखेचं पत्र लिहिलंच नसतं.

सोबत संपादकांसाठी वेगळं पत्र आहे, माझ्या सहीचं. त्यात सगळं लिहिलंय. त्यांना दे. सहीचं तुझं तू ठरव. नोकरी तुझी जाणार आहे, माझी नाही, म्हणून मी सल्ला देत नाही.

मावशी

•

२८ एप्रिल

प्रिय मावशी,

गुडघा कसा आहे?

तुझे पत्र मी संपादकांच्या हातात दिले आणि समोर उभा राहिलो. त्यांनी ते शेवटपर्यंत वाचले. मग म्हणाले, "खाटेखाली बाप? पोरे घरी जाऊन आपल्या बापाकडे कसल्या नजरेने बघतील?" मी म्हणालो, "मी सही करणार नाही." माझा आवाज इतका बारीक निघाला की ते मला पुन्हा बोलावे लागले. ते म्हणाले, "तुझ्यासारखे नववी नापास दाराबाहेर रांग लावून उभे आहेत." मी म्हणालो, मी नापास झालो नव्हतो, मला काढले होते.

तेवढ्यात चित्रकार मागून बोलला. मला वाटले तो संपादकांची री ओढणार. तो म्हणाला, "होडी मला तशीही जमलेली नाही. पाय काढू का? पाय मला चांगले जमतात." आणि रद्दी कागदावर दोन रेघांत खाट आणि तिच्याखाली दोन टाचा काढून टेबलावर ठेवल्या. मावशी, त्यांना भेगासुद्धा होत्या. संपादकांनी तो कागद पालथा घातला.

शेवटी काय झाले ते सांगतो, आणि यात मला अभिमान वाटण्यासारखे काही नाही. पाचव्या प्रकरणातून आजोबा काढले. त्या जागी बाईंची पुलापर्यंतची बारा किलोमीटरची चाल आली, रोजनिशीतून, शब्दाला शब्द. ती सगळ्या पुस्तकातली सर्वांत चांगली चार पाने आहेत. पण बाई चालत का गेल्या, होडी का नव्हती, ते त्यात नाही. मी विचारले तर संपादक म्हणाले, "मुलांना चालणे कळते. कारण लागत नाही."

मी सही केली. खोटे गेले, पण खरे काही आले नाही. बाहेर येऊन नळाखाली हात धुतले, तरी शाईचा डाग तसाच राहिला.

तुझ्याबद्दलही लिहितो, नाहीतर मीही गाळणाऱ्यांतला ठरेन. मला तुझी किळस आली होती. पूर्ण गेलेली नाही. लहानपणी मी मगाला बोट लावायचो आणि दिवसभर ते बोट कशाला लागू द्यायचो नाही, ते आठवते आणि चिडतो. पण तू 'हो' लिहिलेस. इथे दोन वर्षांत मी कुणाला ते लिहिताना पाहिलेले नाही.

मग सोबत पाठवला आहे. चित्रकाराचा कागदही उचलून आणला, तो मगाच्या आत गुंडाळून ठेवला आहे.

तुझा,
ठिपक्या

•

६ मे

ठिपक्या,

गुडघा आज जमिनीवर बसला, म्हणजे बघ.

शनिवारी फलक मीच उतरवला. वाचनालयाच्या बाई म्हणाल्या, "अहो, निदान उन्हाळा संपू द्या, सुट्टीत मुलं येतात." मी म्हटलं, चाळीस उन्हाळे दिले.

मुलांना सगळं सांगितलं. उलटी, होडीतली घाण, हाका, सगळं. 'शी!' म्हणाली, नाकं मुरडली, पण एकही उठून गेलं नाही. चित्रकाराचा कागद हातोहात फिरवला. दात पडलेल्या एकानं विचारलं, "म्हणजे आतापर्यंत तुम्ही आम्हाला फसवत होतात?" मी हो म्हटलं. या वेळी टाळ्या नाहीत. मगाला बोट लावायला कुणी पुढं आलं नाही. मार्चमध्ये ज्यांनी लावलं होतं त्यांतल्या एकीनं आपलं बोट फ्रॉकला पुसलं, मला दिसेल असं. मी ते पाहिलं. ते माझ्या वाट्याचंच होतं.

मला वाटलं, संपलं. पण मुलं उठेनात. दात पडलेला वाचनालयाच्या टेबलाखाली जाऊन आडवा झाला, पाय बाहेर ठेवून. एकीनं फळ्याच्या दोन पट्ट्या आणल्या, वर माझी शाल टाकली आणि वर बसली. तिसरी डॉक्टरीण झाली आणि दारात येऊन विचारलं, "वडील घरी आहेत का?"

"नाहीत!"

मग दुसरी बसली. "नाहीत!" मग तिसरा. प्रत्येकाला बसायचं होतं आणि प्रत्येक जण नाहीत म्हणत होता, कुणी हसत, कुणी कावरंबावरं होऊन. मी खुर्चीत बसून ऐकत होते. नऊ वेळा मीच बोलतेय असं वाटलं. थांबवणार होते.

दहावी म्हणजे एक अबोल पोरगी, जिनं माझ्या तासाला आजवर एक प्रश्न विचारलेला नाही. ती शालीवर बसली. डॉक्टरणीनं विचारलं, "वडील घरी आहेत का?" ती हो म्हणाली नाही, नाही म्हणाली नाही. नुसती उठली आणि बाजूला जाऊन उभी राहिली. शाल तिच्या पायात अडकून तिच्यासोबत सरकली, आणि पट्ट्या उघड्या पडल्या.

अरे, साठ वर्षं मी हाच विचार करत आले की मी काय बोलायला हवं होतं. आठ वर्षांची पोर बापाविरुद्ध काय बोलणार, म्हणून दर वेळी मी स्वतःला सोडून द्यायचे. नुसतं उठता आलं असतं, हे मला एकदाही सुचलं नाही.

टेबलाखालच्यानं पाय आत ओढून घेतले. कुणी सांगितलं नव्हतं त्याला.

मावशी